बाईंचं नाक

मला नोकरी माझ्या मार्कांवर मिळाली नाही, नाकावर मिळाली. लॅबच्या डिप्लोम्याची गुणपत्रिका प्लास्टिकच्या फाइलीत घालून मी मुलाखतीला गेले होते. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. टेबलाखालून बूच लावलेल्या तीन बाटल्या काढल्या, एकेक माझ्या नाकाखाली धरली आणि "हे काय?" म्हणून विचारत गेल्या. पहिल्या बाटलीत रॉकेल होतं, दुसरीत शिळं ताक. तिसरीचा काही अंदाज येईना, तेव्हा मी घाबरत म्हटलं, "काहीच नाही. साधं पाणी असेल." बाई खूश झाल्या.

"सर्दी होते का नेहमी?"

"नाही."

"तपकीर ओढतेस?"

"अहो, नाही!"

"मग उद्यापासून ये."

बाबा माझ्यासोबत आले होते आणि बाहेर व्हरांड्यात वाट बघत बसले होते. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमधली माणसं. बाबांची सगळी नोकरी वीजकेंद्रात गेली, त्यामुळे मुलाखत म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काय काय विचारलं ते मी सांगितलं, तर म्हणाले, "हा दवाखाना आहे की अत्तराचं दुकान?"

दवाखानाच होता. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या शिवेवर, सागाच्या जंगलाला लागून एका ट्रस्टचं लहानसं इस्पितळ. दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत लॅब होती आणि ती बाईंची होती. त्यांना नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे 'बाई' म्हणत.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्या तरी एकाच तक्रारीच्या असायच्या. पण तक्रार सांगताना त्या डॉक्टरीणबाईंकडे बघत नसत, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत. "अंगावरून पाणी जाते." बस, एवढंच. कधीपासून विचारलं तर, "हाय तवापासून." त्यातल्या बऱ्याच जणींना जो आजार असे त्याला वैद्यकात लांबलचक इंग्रजी नाव आहे. मराठीत त्याला तेव्हा नाव नव्हतं आणि आताही धड नाही. योनीमार्गात चांगले जंतू राहतात, ते तिथलं आंबटपण सांभाळतात. ते कमी झाले की दुसरे माजतात आणि पांढरं, पातळ, वास येणारं पाणी जायला लागतं. ते ओळखायची जुनी रीत अशी, की काचेवर घेतलेल्या नमुन्यावर पोटॅशच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि लगेच हुंगायचं. सडलेल्या मासळीचा वास आला तर समजायचं. ही काच रोज माझ्या नाकापुढे यायची आणि वर बाईंची आज्ञा, "हुंग, पोट्टे."

स्वतः का हुंगत नाहीत, हे मला महिनाभरानं कळलं. लॅबच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं, करपलं, पार काळं झालं, आणि बाई तिथेच पाठमोऱ्या बसून शांतपणे सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. मी धावत जाऊन स्टोव्ह बंद केला तेव्हा त्या वळल्या आणि ओशाळल्या. लहानपणी वरोऱ्याला असताना त्यांना विषमज्वर झाला होता. तापासोबत वास गेला तो परत आलाच नाही. जेवणाचीही चव लागायची नाही, तिखट मात्र झोंबलेलं कळायचं, म्हणून डब्यात रोज हिरव्या मिरचीचा ठेचा. "ट्रस्टवाल्यांना सांगशील तर बघ," त्या म्हणाल्या. "लॅबवालीला नाक नाही म्हटल्यावर मला घरी बसवतील." मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यावाचून कोणाचं अडतंय, ही भावना त्या वयात फार सुखाची होती.

नाक नव्हतं, पण डोळे असे की विचारू नका. काच रंगवताना त्या घड्याळ वापरत नसत. जांभळा रंग मिनिटभर ठेवायचा असतो, तर त्या मोठ्यानं बाराखडी म्हणत. क, ख, ग, घ या चारही बाराखड्या संपल्या की मिनिट झालं. डॉक्टर आत आले तरी बाराखडी थांबत नसे, तेच बिचारे 'घं घः' होईपर्यंत दारात उभे राहत. त्यांची बोटं कायम जांभळी असायची. निवडणूक नसतानाही एसटीतली माणसं विचारायची, बाई, कुठी मतदान करून राह्यल्या? रंगवलेल्या काचा सोनपापडीच्या रिकाम्या डब्यांत. कागदाच्या बाबतीत तर इतक्या चिकट, की पाकिटं उलटी करून आतल्या बाजूला हिशेबाच्या वहीसारख्या रेघा मारून वापरायच्या.

जंतूंशी त्या अहो-जाहो करायच्या. लांब जांभळ्या काड्या दिसणारे चांगले जंतू म्हणजे 'घरचे'. बारीक ठिपक्यांसारखे, कोणाला न विचारता आलेले म्हणजे 'पाहुणे'. पाहुणे फार झाले की ते अंगातल्या पेशींना इतके चिकटतात की पेशीची कडसुद्धा दिसत नाही. अशी पेशी दिसली की बाई ओरडायच्या, "अनारसा!" खसखस लावलेला अनारसा असतो ना, अगदी तस्साच. मी पहिला अनारसा स्वतःहून शोधला त्या दिवशी त्यांनी मला आपल्या ठेच्यातला अर्धा ठेचा दिला आणि मी दुपारभर पाणी पीत होते.

घरचे किती, पाहुणे किती, हे मोजून शून्य ते दहा गुण द्यायचे. सात किंवा त्याच्या वर गेलं तर आजार, तीनपर्यंत असलं तर नाही. मधले चार-पाच-सहा आले की बाईंचा पारा चढायचा. "मधलं म्हणजे काय? हिनं घरी जाऊन काय सांगायचं? मी मधली आहे?" अशा वेळी पोटॅशचा थेंब आणि माझं नाक यावर निकाल लागायचा. आणि नाक हे काही कायद्याचं पुस्तक नव्हे, हे मला पुढे एका तलावाच्या गावात चांगलंच कळलं.

झालं असं, की नागपूरच्या एका संशोधन प्रयोगशाळेनं आमच्या भागातल्या बायकांचा अभ्यास काढला. प्रत्येकीचे दोन नमुने घ्यायचे. एक आमच्या काचेवर, दुसरा काडीच्या बोळ्यावर घेऊन बर्फात नागपूरला. तिथे एक नवं यंत्र होतं, ते म्हणे जंतूंचा डीएनए बघून नावानिशी सांगायचं की आत कोण कोण आहे. बाईंनी हे ऐकलं आणि आठवडाभर त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. "पोट्टे, याला नाक लागत नाही!"

पहिलं शिबिर एका मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या काठच्या गावात लागलं. गाव सगळं ढिवरांचं, तलावातल्या मासळीवर जगणारं. शाळेत आम्ही पडदे लावले. नागपूरहून आलेल्या छापील फॉर्मवर पाचवा प्रश्न होता, 'मासळीसारखा वास येतो का? होय / नाही.' मी पहिल्याच आजीला तो विचारला. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"कोन्ती मच्छी, बाई? ताजी का सुकी?"

पडद्यामागे रांगेतल्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "आमच्या घरी मानसायले येते, भांड्यायले येते, पोराच्या पुस्तकाले बी येते. होय लिवू का नाई लिवू?" बाई माझ्यापेक्षा जास्त हसल्या. मग पेन उघडून त्यांनी गठ्ठ्यातल्या सगळ्या फॉर्मांवरचा पाचवा प्रश्न एकेक करून खोडला. नागपूरकरांचं नंतर खरमरीत पत्र आलं. बाईंनी त्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहून पाठवलं: जिथे सगळं गावच मासळीचं आहे तिथे हा प्रश्न विचारून काय कळणार?

माझ्या नाकाचंही तेच झालं. सकाळपासून मासळीच्या हवेत बसून दुपारपर्यंत मला फिनाइलचासुद्धा वास येईना. नेमकी त्याच दुपारी वनिता आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, लग्नाला पाच वर्षं झालेली. वर्षभर पाणी जातं म्हणाली, आणि हेही म्हणाली की नवरा रागावतो, दूर झोपतो. तिची काच आम्ही रात्रीपर्यंत ठेवली नाही, तिथेच रंगवून बघितली. पाच गुण. मधली. मी थेंब टाकून हुंगलं, काही कळलं नाही. बाईंनी तिच्या कागदावर 'नमुना नागपूरला पाठवला, निकाल यायचा आहे' एवढं लिहून तिला घरी जाऊ दिलं.

त्या कागदानंच घात केला. फॉर्म कमी पडले होते, म्हणून बाईंनी लॅबमधला जुना गठ्ठा सोबत घेतला होता. आधीच्या कुठल्याशा योजनेतले उरलेले केसपेपर. चांगले कोरे कागद वाया कशाला घालवायचे, हा बाईंचा स्वभाव. त्या कागदांच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'गुप्तरोग तपासणी'. ते बाईंनी बघितलं नव्हतं असं नाही. रोज असे शंभर कागद डोळ्यांखालून जाणाऱ्या माणसाला माथ्यावरची अक्षरं दिसत नाहीत. मलाही दिसली नव्हती, उगाच का खोटं बोलू.

वनिताच्या नवऱ्याला ती दिसली. तो दहावीपर्यंत शिकलेला होता.

तीन आठवड्यांनी वनिता तिच्या आईसोबत लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायला तयार नाही. कागद चार घड्या करून मुठीत धरलेला.

"बाई, तुमच्या या कागदानं मले घराभाईर काढलं."

नवरा म्हणाला होता, गुप्तरोग आकाशातून पडत नाही, कोणाकडून आणलास सांग. सासूनं तिचं ताट-लोटा वेगळा केला, मग तिलाच माहेरी पाठवून दिलं. तलावात जाळं ओढायचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी सगळी पुरुष मंडळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जमतात आणि समाजाची बैठकही तिथेच होते. त्या बैठकीत सोडचिठ्ठी ठरणार होती.

"मी कोनाकडे गेली नाई, बाई," वनिता म्हणाली. "तुमच्या काचीत पाहून सांगा ना तसं."

बाईंनी घड्या उलगडल्या, माथा वाचला आणि खाली बसल्या. काचेवर त्यांना काय सांगता येणार होतं? पाच गुण. काही बाहेरचे, संबंधातून लागणारे रोग तर काचेवर दिसतही नाहीत. मग उठून त्यांनी वनितापुढे हात जोडले. "चूक माझी आहे. निस्तरीनही मीच." मला त्यांचा तेव्हा राग आला होता, तो हात जोडलेले बघून गेला.

नागपूरला विचारलं तर अभ्यासाचे निकाल पेशंटला द्यायचे नसतात असं उत्तर आलं. बाईंनी वनिताचा नवा नमुना घेतला, तिच्या सहीची परवानगी लिहून घेतली आणि मासळीच्या व्यापाऱ्याकडून बर्फासकट थर्माकोलचा डबा उसना आणला. त्या डब्यासह आम्ही दोघी एसटीत चढलो, तोच कंडक्टर आडवा आला.

"मच्छी गाडीत चालत नाई. टपावर टाका."

"मच्छी नाही हो भाऊ, औषधाचं आहे."

"वास तं येऊन राह्यला!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "येतो का गं?"

"येतो बाई. डब्याचाच."

"मग याचं अर्धं तिकीट फाडा," बाई म्हणाल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. नागपूर येईपर्यंत तो त्यांनी खाली ठेवला नाही. बर्फाचं पाणी झिरपून त्यांचं पातळ गुडघ्यापासून खाली भिजलं होतं.

प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ चष्मेवाला, तरुण आणि नियमाचा पक्का होता. बाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी तो केसपेपर त्याच्यापुढे ठेवला, काय घडलं ते सांगितलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तासाभरानं तोच बाहेर येऊन डबा आत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आम्हाला आत बोलावलं. यंत्र दिसायला अगदीच साधं, आमच्या घरच्या मिक्सरएवढं. ते जंतूच्या डीएनएचा एक ठरलेला तुकडा पकडून त्याच्या लाखो प्रती काढतं, म्हणजे झेरॉक्सच म्हणा. तो जंतू नमुन्यात नसेल तर प्रतच निघत नाही. निघाल्या असतील तर त्या निळ्या उजेडात चकाकत्या पट्ट्यांसारख्या दिसतात. शास्त्रज्ञानं एकेक ओळ बोटानं दाखवली. परम्याची, म्हणजे गनोरियाची ओळ कोरी. जे बाहेरचे रोग त्यानं तपासले होते त्या सगळ्यांच्या ओळी कोऱ्या. पुढच्या ओळींत मात्र पट्टे होते. बाई लगेच म्हणाल्या, "पाहुणे!" तो बिचारा गोंधळला. मी अर्थ सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, नुसतं एक नाव सापडून भागत नाही, हा पहिला पाहुणा चांगल्या तब्येतीच्या बायकांतही थोडाफार असतो. पण इथे तो भरपूर आहे, सोबत दुसराही आहे जो निरोगी बाईत सहसा इतका नसतो, आणि घरच्यांचा पट्टा जवळजवळ पुसलेला. तिन्ही मिळून निकाल स्पष्ट होता. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरी होणारी गोष्ट.

बाई त्या निळ्या उजेडात कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. "माझ्या हयातीत हे बघायला मिळालं," त्या म्हणाल्या. मलाही भरून आलं होतं. माझ्या नाकाची गरज संपली होती आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

जाळं ओढायच्या दिवशी सकाळी त्या लुनावरून थेट तलावाच्या पाळीवर गेल्या, मागे मी. पुरुष गुडघाभर पाण्यात, बायका टोपल्या घेऊन काठावर. चार म्हातारी मंडळी आंब्याखाली बसलेली. बाईंनी घरूनच एक पान लिहून आणलं होतं, ते त्यांनी उभ्यानं मोठ्यांदा वाचलं. या बाईला कोणताही गुप्तरोग सापडला नाही. अंगातले चांगले जंतू कमी झाल्यानं पाणी जातं, तसं कोणत्याही बाईला होऊ शकतं, त्यावरून तिच्या वागण्याबद्दल काही ठरत नाही. आधीच्या कागदाचा मथळा चुकीचा होता, ती चूक माझी. खाली सही.

वनिताचा नवरा पाण्यातून वर आला. "मंग वास काऊन येत होता?"

"मला विचारू नको बापा. मला वासच येत नाही. लहानपणापासून नाही. तुझ्या तलावाचाही येत नाही."

मग पाण्यातल्या कोणाला तरी हसू फुटलं आणि ते पाळीभर पसरलं. आंब्याखालचा एक म्हातारा म्हणाला, "नाक नाई अन् तपासनी कशी करता, बाई?"

"म्हणूनच तर नागपूरच्या मशीनला विचारून आले. त्याला नाक नाही, नातंगोतं नाही, कोणावर राग नाही. त्यानं सांगितलं ते वाचून दाखवलं."

चौघांनी तो कागद हातोहात बघितला. शेवटी म्हातारा वनिताच्या नवऱ्याला म्हणाला, "माफी तुले मागा लागते." नवरा मान खाली घालून परत जाळ्याकडे पाण्यात उतरला. बैठक पुढच्या विषयाला गेली. मला वाटलं, एवढी धडपड करून अर्धंच काम झालं.

आम्ही लुनापाशी आलो तेव्हा वनिताची सासू मागोमाग आली. हातातली टोपली खाली ठेवून तिनं आजूबाजूला बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाई, त्या कागदात लिवलं, कोन्याही बाईले होते. म्हातारीले बी?"

"तुम्हाला होतं का?"

"पंधरा वर्सं झाली. मालक होते तवापासून. मी कोनाले सांगतलं नाई. मले वाटे, मायंच कायतरी पाप हाय." ती थांबली. "अन् पोरीचं ताट मीच येगळं केलं."

ती रडली नाही, टोपली उचलून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती नदीपलीकडे वनिताच्या माहेरी पोचली. मुलाला पाठवलं नाही, स्वतः गेली.

बाई निवृत्त होऊन आता वरोऱ्याला भावाकडे राहतात. वास येत नाही हे ट्रस्टला पाळीवरच्या बैठकीच्या आठवड्यातच कळलं होतं, आणि कोणी त्यांना घरी बसवलं नाही. तो 'गुप्तरोग'चा गठ्ठा त्यांनी आपल्या हातानं चुलीत घातला. कोरा कागद जाळताना त्यांना मी तेव्हा एकदाच बघितलं.

वनिता त्या बैठकीनंतरच्या सोमवारी लॅबला आली, सासूसोबत. बाहेरच्या बाकावर दहाबारा बायका बसल्या होत्या, नेहमीसारख्या खाली बघत. मी रजिस्टर उघडून विचारलं, "काय तक्रार?" वनिता तोंड उघडणार तोच सासूनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे केलं आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले पंधरा वर्सापासून पाणी जाते. पयलं मायं नाव लिवा. सूनबाईचं मंग."